दुखणे म्हणजे वाढ नव्हे

महोदय,

अंग ठणकले नाही तर व्यायाम फुकट गेला, हा समज व्यायामशाळांत अजून ठाण मांडून आहे. ठणका बहुधा हालचाल नवी असल्याचा असतो. स्नायू वाढतो ताणाने. वजन पेलताना तंतूंवर ताण आला की नवी प्रथिने बांधली जातात, आणि हे काम पुढे एक-दोन दिवस चालते. म्हणून प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम द्यावे, मिळून साधारण १० सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेली आवर्तने; एकदा वजन उचलून खाली आणले की एक आवर्तन). सेट संपवताना अंगात आणखी दोन-तीनच आवर्तने उरलेली असावीत. मग सेटमधल्या आवर्तनांचा आकडा ८ असो वा २०, फारसे बिघडत नाही.

रोज त्याच शंभर बैठका मारणाऱ्याची मांडी वाढायची थांबते ती ताण वाढत नाही म्हणूनच. दम वाढतो, जाडी नाही. खांद्यावर वाळूची पिशवी घ्यावी, दर काही दिवसांनी वाळू वाढवावी.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावाने. आरशात काही दिसेना म्हणून लगेच पावडरचे डबे कशाला? ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ९५ ग्रॅम प्रथिने पुरतात. नुसत्या वरण-भातात मात्र ती भरत नाहीत. अंडी, सोयाबीन, पनीर हवे. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.)

– एक व्यायाम प्रशिक्षक, सातारा