आजोबांना आजोबाच राहू दिल्याबद्दल

मालक, नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीची जुनी व्हीएचएस कॅसेट तुम्ही बघण्यालायक करून दिलीत. पैसे चुकते केले, पण तेवढ्यानं भागत नाही, म्हणून हे उघड पत्र.

आधीच्या दुकानदारानं एआयनं चित्र वाढवून 'फोर-के', म्हणजे अतिबारीक तपशिलाची, म्हणून गळ्यात मारलेली फाइल नुसती वजनानं मोठी होती. हात हलला की कडेला कंगव्यासारखे दाते. दिसणारच! पाल, म्हणजे आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीच्या, टेपवर सेकंदाला 25 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन फील्ड. आधी डीइंटरलेस करून, म्हणजे ही फील्ड सुटी करून, त्यांचे 50 पूर्ण फ्रेम न करताच चित्र वाढवलं, तर दातेही वाढतात आणि एआय त्यांनाच खरा तपशील समजून घोटून ठेवतं. वर 720 बाय 576 चौकोनी पिक्सेल धरल्यामुळे सगळी मिरवणूक उभट. त्याला 768 ची रुंदी द्यायची असते, हे कुणी बघितलंच नाही.

तुम्ही क्रम सोडला नाहीत. व्हीसीआरचं हेड साफ, लॉसलेस कॅप्चर (काही न गाळता टेप संगणकात उतरवणं), डीइंटरलेस, खालची थरथरती पट्टी छाटली, हलका डीनॉइज (चित्रातला दाणेदारपणा कमी करणं), मग 1440 बाय 1080 वर थांबलात. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम 240 ओळींचा. "याच्या वर नेलं तर फुगेल, उजळणार नाही" हे तोंडावर सांगितलंत. जास्त पैसे घेऊन फोर-के करून देणं सोपं होतं की हो.

पण मनात राहिलं ते वेगळंच. बाराबंदी हा यात्रेचा पारंपरिक पोशाख घातलेल्या आजोबांच्या फ्रेमवर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "घरचा एखादा फोटो दाखवा." एआयच्या फेस रिकव्हरीनं, म्हणजे धूसर चेहरे स्पष्ट करणाऱ्या सोयीनं, चेहरा लख्ख केला होता, पण नाक सरळ करून टाकलं होतं, गालावरचा खड्डा बुजवला होता. आम्ही बघून खूशच झालो असतो, आणि पुढची पिढी त्या परक्या माणसाला आजोबा म्हणत बसली असती. तुम्ही तेवढ्या भागावर मास्क लावून, म्हणजे तो वेगळा धरून, तिथं साधं मोठं केलेलं चित्र बसवलंत. धूसर आहे, पण आजोबा आहेत. गिऱ्हाइकाला कळणारही नाही तिथं इमान राखणारी माणसं सोलापुरात अजून आहेत, बरं वाटलं.

मूळ कॅप्चर न मागता ड्राइव्हवर टाकलंत आणि कॅसेटची टॅबही मोडून दिलीत, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग व्हायला नको.

हलग्यांच्या आवाजामागची विजेची 50 हर्ट्झची घरघर तेवढी राहिली आहे. लग्नाची कॅसेट घेऊन येतो, तेव्हा तीही बघू.