आई-बाबा, नोकरी सोडली आहे

ती. आई आणि बाबांना,
सप्रेम जयभीम.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळलेलं तिला लगेच कळतं आणि मग ती दिवसभर बोलत नाही.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. मी नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झाला, लॅपटॉप परत केला, निरोपाचा केकही कापून झाला. फोनवर मुद्दामच बोलले नाही. फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता आणि मग दोघंही रात्रभर छताकडे बघत पडता. पत्र कसं, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

आधी पैशाचं, म्हणजे बाकीचं शांतपणे ऐकाल. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे येतात ते येत राहतील. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेल्या रकमेला हात लावलेला नाही, लावणारही नाही. आमचा आरोग्यविमा अमोलच्या नोकरीतून आहे. ग्रीन कार्ड हातात आहे, त्यामुळे नोकरी गेली की देश सोडा असलं काही आता नाही. घराचा हप्ता अमोलच्या पगारात बसतो. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक ठेवली आणि मगच राजीनामा लिहिला. अमोलला विचारलंस का, असं आई विचारेल. विचारलं, आई. तो म्हणाला, तू घरी येऊन गप्प बसतेस ते मला जास्त महाग पडतं. रमाची शाळा तीच आहे, तिचं जेवणखाण नीट चाललंय, आणि तिला रोज वरण-भात लागतोच.

आता काय करते ते सांगते. इथे न्यू जर्सीतल्या नेवार्कला एका जुन्या गोदामात छोटा छापखाना आहे. आमच्या स्टेशनवरून लोकलने पाऊण तासाच्या आत पोचते. बायकाच चालवतात. सगळ्यांत थोरल्या बाई कृष्णवर्णीय आहेत, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एक पोर्तो रिकोची आहे, फोटो काढते. एकीचे पूर्वज गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गयानाला गेले होते, ती आकाशकंदिलासारखं काहीतरी घरी लावते आणि मला विचारते, तुमच्याकडे असंच असतं ना? शनिवार-रविवारी मी तिथे जायचे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटायचं, मैत्रिणींकडे जाते. मैत्रिणीच आहेत, पण आम्ही पुस्तकं छापतो. इथल्या ऑफिसांत रात्री फरशा पुसणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणाऱ्या, गोदामात खोकी भरणाऱ्या बायकांची. लिहितात त्या, फोटो निवडतात त्या. नको असलेलं पान त्यांनी सांगितलं की निघतं. पुस्तकाचे हक्कही त्यांचेच. हे काम आता मी पूर्णवेळ करणार आहे.

बाबा, तुम्ही दिवाणखान्यात लावलेला माझा फोटो, कंपनीच्या माहितीपत्रकावरचा, तो काढू नका. तुम्ही किती हौसेने फ्रेम करून आणलात. पण त्या फोटोबद्दल एक गोष्ट आज सांगते. कंपनीला दरवर्षी 'आमच्याकडे सगळ्या रंगांची माणसं आहेत' हे दाखवायला माझा चेहरा लागायचा. कॅमेऱ्यावाला म्हणायचा, जरा वळा, हसा, हातात कागद धरा. त्या कागदावर काय आहे ते कुणी विचारलं नाही. ज्या बैठकीत खरं ठरायचं तिथे मला बोलावणं नसायचं. मला तिथे कुणी छळलं नाही, आई, रडू नकोस. पगार चांगला होता, माणसंही वाईट नव्हती. फक्त मी तिथे दिसत होते, बोलत नव्हते. असं किती वर्षं काढायचं?

दहावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेलो होतो, आठवतं? स्टुडिओवाल्याने आईकडे बघून म्हटलं, पोरीला पावडर लावा, नाहीतर चेहरा येणार नाही. आईने ओढणीच्या टोकाने पावडर लावली. फोटोत मी राखाडी आले. आई, तुला तेव्हा वाईट वाटलं होतं, मला दिसलं होतं. तू परत जाताना काहीच बोलली नाहीस, मला उसाचा रस पाजलास. तर ऐक, तो दोष तुझ्या लेकीच्या रंगाचा नव्हता. रंगीत फोटो नीट आलेत का ते तपासायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो पाठवायची, 'शर्ली कार्ड' म्हणतात त्याला. त्यावर गोरी बाई. तिची कातडी बरोबर दिसली की काम झालं. काळ्या-सावळ्या मुलांचे चेहरे शाळेच्या फोटोत नुसते डोळे आणि दात दिसायचे, आयांनी तक्रारी केल्या. पण फिल्म सुधारायला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींनी, त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातीत नीट येत नव्हत्या म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो उसाचा रस आठवला.

म्हणून छापखान्यात मी सगळ्यांत जास्त वेळ चेहऱ्यांवर घालवते. आमचं मशीन रिसोग्राफ आहे, जपानी. लांबून झेरॉक्सचं मशीनच वाटतं. एका वेळी एकच रंग छापतं. रंगाचा ड्रम बदलायचा, तोच कागद पुन्हा घालायचा. काळ्या बाईचा चेहरा नुसत्या काळ्या शाईने छापला की तो सपाट होतो, डाग पडल्यासारखा. म्हणून आधी पिवळा, मग लालसर, मग निळा अगदी पातळ, आणि काळा शेवटी, फक्त पापण्या आणि केसांपुरता. कागद केसभर सरकला तर ओठ दोन होतात. शाई तेलकट असते, पूर्ण वाळत नाही, बोटांना लागते. पण जमलं की गालावर जो उजेड येतो ना! परवा एका बाईंनी स्वतःचं पान हातात घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, ही माझी आई दिसते. बाबा, कंपनीत इतकी वर्षं काम केलं, माझ्या कामाकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

आई, आता तुझ्यासाठी. इथे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फेथ रिंगगोल्ड नावाच्या कृष्णवर्णीय चित्रकार होत्या. १९३०चा जन्म, २०२४मध्ये वारल्या, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन. १९७३पर्यंत सरकारी शाळांत चित्रकला शिकवायच्या. बाबा, तुमच्यासारख्याच मास्तरीणबाई. मोठी कलादालनं काळ्या बायकांची चित्रं लावत नव्हती, तर ह्या १९७०मध्ये दालनाच्या दारात निदर्शनं करायला उभ्या राहिल्या. मोठाली चित्रं जिन्यावरून उतरवायला दरवेळी कुणाचे तरी हात लागायचे. मग त्यांनी कापड धरलं. गुंडाळून ट्रंकेत घातलं की चालले, कुणाची वाट बघायला नको. त्यांची आई शिवणकामातली मोठी जाणकार होती, हार्लेममध्ये तिने बेतलेल्या कपड्यांचे शो व्हायचे. मायलेकींनी मिळून १९८०मध्ये पहिली गोधडी केली. पुढच्याच वर्षी आई गेली. फेथबाईंनी आत्मचरित्र लिहिलं होतं, पण कुणी छापेना. मग त्यांनी गोधडीवरच गोष्टी लिहायला सुरुवात केली. कापडाच्या चौकोनात चित्र आणि कडेने अक्षरं. लोक चित्र बघायला यायचे आणि उभ्या उभ्या वाचायचे. आत्मचरित्राचं पुस्तक पुढे १९९५मध्ये निघालं.

न्यूयॉर्कच्या बायकांच्या तुरुंगासाठी १९७१मध्ये त्यांनी एक चित्र काढलं होतं. आधी कैदी बायकांनाच विचारलं, काय काढू? एकीने म्हटलं, इथून बाहेर जाणारा लांब रस्ता. मग त्यांनी बस चालवणारी बाई काढली, डॉक्टर बाई, पोलीस बाई, राष्ट्राध्यक्ष बाई. पुढे तुरुंग पुरुषांचा झाला तेव्हा त्यावर पांढरा रंग फासला होता, तरी ते वाचलं. आधी विचारायचं आणि मग काढायचं, एवढंच मी त्यांच्याकडून घेतलंय.

तुझी वाकळ मी आमच्या छापखान्यातल्या बायकांना नेऊन दाखवली, आई. पिवळ्या पातळाचा पट्टा आहे ती. थोरल्या बाईंनी चष्मा लावून टाके बघितले आणि म्हणाल्या, ह्या बाईचा हात भरवशाचा आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल, पुस्तकं काढून कुणाचं पोट भरलंय? तुम्ही हे म्हणालच, आणि तुम्हीच मला मुक्ता साळवेचा निबंध पाठ करायला लावलात. १८५५मध्ये, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर 'ज्ञानोदया'त आपल्या लोकांचं दुःख आपल्या हाताने लिहिते, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका तुम्ही वर्गात वाचायचात, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती जोतिरावांनी १८७३मध्ये अर्पण केली म्हणून. मी त्याच देशात बसलेय. इथेही त्या मुक्त झालेल्यांच्या नाती-पणतींना आपलं पुस्तक आपणच छापावं लागलं. १९८०मध्ये ऑड्रे लॉर्ड नावाच्या कवयित्रीने आपल्या मैत्रिणीला, बार्बरा स्मिथला, फोनवर म्हटलं, आपल्याला प्रकाशनाचं काहीतरी करायलाच हवं. त्यातून 'किचन टेबल' नावाचं प्रकाशन उभं राहिलं, काळ्या, लॅटिना, आशियाई, मूळनिवासी बायकांचं. ऑड्रेबाई १९९२मध्ये गेल्या, त्यानंतर ते फार टिकलं नाही. हे लपवत नाही मी. पण त्यांनी छापलेली पुस्तकं आजही कॉलेजात शिकवतात.

आणि लांब कशाला, आपल्या फलटणच्या बेबीताई कांबळे. दुकानात बसल्या बसल्या लिहिलं, वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलं, घरच्यांना कळू नये म्हणून. १९८६मध्ये पुस्तक आलं. तुम्ही त्यांना सभेत वाकून जयभीम करायचात, मी तुमचं बोट धरून होते. त्यांना लपवावं लागलं. मला तुमच्यापासून लपवायचं नाही, म्हणून हे एवढं लांबलंय.

एक मागणं आहे, आईकडे. पुढच्या पुस्तकात तुझी चार पानं असावीत असं मला वाटतं. बहात्तरच्या दुष्काळात तू माणमध्ये आजीबरोबर खडी फोडायला जायचीस. त्या कामांवरच्या बायकांचे फोटो मी इथल्या ग्रंथालयात बघते. खाली लिहिलेलं असतं, 'दुष्काळी कामावरील स्त्रिया'. एकीचंही नाव नाही. दरवेळी मी तुला शोधते, तेरा वर्षांची. तू सांग, मी लिहून घेते. तुला जे सांगायचं तेवढंच. मुकादमाचं नको असेल तर नको. धाकट्या मावशीचं नको असेल तर तेही नको. 'माझ्यात काय बघायचंय' असं म्हणू नकोस एवढंच. आणि नकोच वाटलं तर नको म्हण, मी रुसणार नाही.

आता जे लिहायला जड जातंय ते. डिसेंबरात येणं होणार नाही. त्याच वेळी पुस्तक निघतंय, आणि ह्या वर्षी तिकिटं जरा सांभाळून काढायची आहेत. एप्रिलमध्ये नक्की येते, जयंतीला, रमाला घेऊन, चांगली महिनाभर. आईने रमासाठी केलेले कुरडईचे डबे दादाकडे पुण्याला देऊ नका, तिथे संपतात. कॉलनीत विचारलं तर सरळ सांगा, छबू छापखाना चालवते. मान खाली घालून सांगू नका, बाबा.

आणि आता माझं ऐका. बाबा, अंधारात फिरायला जायचं नाही, उजाडल्यावर काठी घेऊनच निघायचं. शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, जेवण झाल्यावर आठवली म्हणून घ्यायची नाही. वहीत रोजचा आकडा लिहा आणि खरा लिहा. आई, माळ्यावर चढायचं नाही, डबे काढायला शेजारच्या पोराला हाक मार. गिझर दुरुस्त करून घेतलाय तो वापरायसाठी, बिल मी भरते, गार पाण्याने आंघोळ करून काटकसर करू नकोस. स्वयंपाकाला बाई लावल्यात त्यांना सुट्टी देऊन स्वतः ओट्यापाशी उभी राहिलीस असं वहिनीने सांगितलं तर मी इथून तशीच विमानात बसेन. गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख ह्या महिन्यात घ्यायची आहे, दादा गाडी घेऊन येणार आहे, त्याला 'कामं सोडून येऊ नको' म्हणायचं नाही.

छापून झालेलं पहिलं पुस्तक दादाच्या मित्राबरोबर पाठवलंय, पुढच्या आठवड्यात पोचेल. पानं जरा तेलकट लागतील, वर्तमानपत्रावर ठेवून उलटा. रविवारी सकाळी तुमच्या आठला फोन करते. आधी आईला बोलू द्या.

तुमची,
छबू