मकचिक, तुम्ही पुसून दिलेली काच

आदरणीय मकचिक,

(मलेशियात आईच्या वयाच्या बाईला मकचिक म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. आणि बाप्यामाणसाला पाकचिक.)

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहीत आहे. तुमच्या सुनेच्या फोनवर मलायमध्ये चार ओळी पाठवल्यात, त्यावर तिच्याकडून अंगठा आणि तीन फुलंही आली. पण चार ओळींत माझं भागलं नाही, बाबांचं तर मुळीच नाही. म्हणून हे पत्र मराठीत आणि जाहीर. आमच्या माणसांनीही वाचावं असं त्यात थोडं आहे. तुमचं नाव लिहीत नाही, कारण तसं तुम्हाला विचारलेलं नाही.

आमचे बाबा मिरजेचे. रेल्वेत गार्ड होते, मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाइनवर. मिरज जंक्शनला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या लागायच्या. बाबांची उमेद मिरज-लोंढा करण्यात गेली. पुढे ती लाइनही रुंद झाली. सगळ्यांची सोय झाली हे बाबा मान्य करतात, पण तोंड कडू करून. मी सिंगापुरात नोकरीला लागले तेव्हा त्यांनी नकाशा उघडला तो सिंगापूर बघायला नव्हे. शेजारच्या मलेशियाची मुख्य रेल्वे अजून मीटरगेजवर चालते आणि त्यातली गेमास ते तुंपात ही 526 किलोमीटरची लाइन पहांग आणि कलांतान या राज्यांच्या रानातून जाते, एवढं त्यांनी कुठूनतरी वाचून ठेवलं होतं. लोक तिला जंगल रेल्वेच म्हणतात. 1931 साली ती पुरी झाली. महायुद्धात जपान्यांनी तिचे कितीतरी रूळ उखडून सयाम-ब्रह्मदेशाच्या रेल्वेसाठी नेले आणि युद्धानंतर ते पुन्हा टाकावे लागले. हे सगळं बाबांच्या वहीत, तारखांसकट. ‘एकदा तिच्यावरून रात्रीचं जायचं आणि रानात उजाडलेलं बघायचं,’ हे त्यांचं पालुपद.

आता आमच्या एजंटची गोष्ट. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, शिडी चढणं कायमचं बंद. हे त्या गृहस्थांना बुकिंगच्या वेळी सांगितलं, लेखी कळवलं, परत फोन करून सांगितलं. ‘काळजीच करू नका मॅडम, दोन्ही खालच्याच.’ हातात तिकिटं पडली ती दोन्ही वरच्या बर्थची. फोन केला तर म्हणाले, ‘गाडीत बघून घ्या, कोणीतरी ॲडजस्ट करतंच.’ त्यानंतर फोन उचलणं बंद. ज्येष्ठ नागरिकांची खास व्यवस्था म्हणून जादा पैसे आधीच घेतलेले होते. कसली व्यवस्था ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तर असे आम्ही रात्री जोहोर बाहरूच्या स्टेशनात गाडीत चढलो. आमच्या खालच्या दोन बर्थवर एक जोडपं होतं, आपलंच, मराठी बोलणारं. मला हायसं वाटलं. मराठीतच विचारलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, ‘आमचंपण बुकिंगच आहे ना,’ म्हणाले आणि पडदा ओढून घेतला. ताईंनी आतून तो आणखी नीट सारखा केला, फट राहू नये म्हणून. बर्थ त्यांची होती, नाही म्हणायचा हक्कही त्यांचा होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पडदा सारखा करण्याची ती तऱ्हा काही डोळ्यांपुढून जात नाही.

मकचिक, तुमची बर्थ पुढच्या खणात होती. आमचं काय चाललंय ते तुम्हाला एका अक्षराने कळलं नसणार. तुम्ही बाबांना उभं असलेलं पाहिलंत, शिडीकडे पाहिलंत आणि आपली उशी उचलून वर टाकलीत. चपला एका बाजूला सारल्यात, दोरीने बांधलेला खोका पायाने बर्थखाली ढकललात आणि शिडी चढायला लागलात. साठी तुमचीही उलटलेली असावी. वरून हाताने खूण केलीत, पाकचिकना बसवा. डब्यातला अटेंडंट काहीतरी विचारायला आला, त्यालाही तुम्हीच वरून उत्तर दिलंत आणि तो हसत गेला.

बर्थबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण बर्थ मी मागत फिरत होते, ते सगळ्या डब्याला दिसत होतं. हे पत्र मी सकाळच्या गोष्टीसाठी लिहायला घेतलंय.

रात्रीचं विशेष सांगण्यासारखं काही नाही. एसी हाडं गोठवणारा, दिवे रात्रभर चालू. गेमासला गाडी बराच वेळ थांबली, तिथे बाबा उठून बसले आणि नुसत्या आवाजावरून बाहेर काय चाललं असेल ते मला सांगत राहिले. जेरांतुत आणि क्वाला लिपिस अंधारातच मागे गेली.

उजाडायला लागलं आणि लक्षात आलं की काचेतून काहीच दिसत नाही. खालच्या बर्थची खिडकी चांगली मोठी होती, पण काच बाहेरून बरबटलेली. पावसाच्या चिखलाचे ओघळ वाळून घट्ट झालेले आणि त्यावर डिझेलच्या धुराचा थर. बाबांचा एक डोळा मोतीबिंदूचा, दुसऱ्याने जेमतेम भागतं. बाहेर काहीतरी हिरवं हलतंय एवढंच त्यांना कळत होतं. ते रुमालाने आतून काच पुसायला लागले. बाहेरची घाण आतून पुसून जात नाही हे रेल्वेच्या माणसाला मी काय सांगायचं? ते पुसत होते, मी दुसरीकडे बघत होते.

तुम्ही पहाटेची नमाज उरकून वर बसला होतात. तुम्ही हे पाहिलंत.

ग्वा मुसांग आलं. गाडी थांबली तशी तुम्ही खाली उतरून दाराकडे गेलात. मला वाटलं चहाला जात असाल. थोड्या वेळाने काचेपलीकडे तुमचा हिरवा रुमाल दिसला, डोक्याचा. डाव्या हातात पाण्याची बाटली, उजव्या हातात खोक्यावर गुंडाळलेलं ते जुनं फडकं. आधी पाणी ओतलंत. चिखल भिजायला क्षणभर थांबलात. मग पुसलंत, परत पाणी, परत फडकं, पिळून. चवड्यांवर उभं राहूनही तुमचा हात निम्म्या काचेच्या वर पोचत नव्हता, तरी एकदा टुणकन उडी मारून पाहिलीत. आणि आमचे बाबा! ते आत बसून बोटाने दाखवायला लागले, ‘इथं राहिलंय, इथं.’ जन्मभराची सवय, दुसरं काय. तुम्ही हसलात आणि तिथेही पुसलंत. शिट्टी झाली तेव्हा कुठे पळत डब्यात आलात, बाही कोपरापर्यंत भिजलेली. आलात आणि काही झालंच नाही अशा थाटात शिडी चढायला लागलात. मी हाताला धरून तुम्हाला बाबांच्या पायाशी बसवलं.

खालची निम्मी काच लख्ख, वरची निम्मी तशीच मळकी. मधली कड वाकडी, तुमच्या हाताच्या उंचीची. त्या निम्म्या काचेतून बाबांनी जे बघितलं ते बघायला ते मिरजेहून आले होते. ग्वा मुसांगच्या स्टेशनामागे सरळ उभा राहिलेला चुनखडीचा डोंगर, त्याच्या उघड्या पांढऱ्या अंगावर जिथे जागा सापडेल तिथे झाडं उगवलेली. पुढे बांबूची बेटं, रबराच्या बागा, दोन्ही बाजूंनी रुळांवर वाकलेलं रान आणि त्याच्या शेंड्यांवर धुकं. मध्येच एखादं चिमुकलं स्टेशन, कौलारू, कुंड्या मांडलेलं. मग गालास नदी, चहाच्या रंगाची. केमुबूचा पूल आला तेव्हा तुम्ही बाबांचा खांदा हलवून दाखवलात. 2014च्या डिसेंबरातल्या पुरात तिथला जुना पूल वाहून गेला होता. बाबांना ते वहीतून माहीत होतं. तुमच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्ही वरच्या बर्थच्या दांडीला हात लावून दाखवलंत, ते मात्र वहीत नव्हतं. बाबांनी कृष्णेच्या पुराचा हात दाखवला, जरा खालीच. त्यावर तुम्ही दोघं मान हलवत बसलात. मध्ये दुभाषी म्हणून मी होते, पण माझी कोणाला गरज पडली नाही.

नासी लमाकमध्ये (नारळाच्या दुधात शिजवलेला तिकडचा भात) वाळकी मासोळी असते म्हणून बाबा उपाशी बसलेत हेही तुमच्या ध्यानात आलं. केळ्याची गरम भजी कुठून पैदा केलीत कोण जाणे.

क्वाला क्राईला तुमचा मुलगा घ्यायला आला होता. बाबांनी खाली वाकून नमस्कार केला, तुम्ही हात छातीशी नेलात, खोका मुलाच्या डोक्यावर गेला आणि गाडी सुटली. पुढे कलांतान नदीवरचा तो लांबलचक गिलेमार्ड पूल लागला. 1920च्या दशकात बांधलेला, 1941मध्ये जपान्यांना अडवायला माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच सुरुंग लावून तोडलेला आणि युद्धानंतर परत उभा केलेला. बाबांच्या वहीत त्याला दोन पानं आहेत. तो त्यांनी काचेला नाक लावून, तुमच्या पुसलेल्या भागातून, पुलाची एकेक लोखंडी कैची मोजत पाहिला. तुम्ही तेव्हा घरी पोचलाही असाल.

मला कितीदा वाटतं, बर्थ देणं एक वेळ समजू शकते. म्हातारा माणूस उभा दिसला की चांगल्या माणसाला उठावंसं वाटतं, तसे आपल्याकडेही पुष्कळ उठतात. लोकलच्या गर्दीत मांडीवर कोणाचंही पोर घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि आषाढीला वाटेवरच्या वारकऱ्यांचे पाय चेपणारी माणसंही. पण काचेचं कोणी बोललंही नव्हतं. ती घाण असल्याने कोणाचं काही अडत नव्हतं, कोणी पडणार-झडणार नव्हतं. या म्हाताऱ्याला फक्त बाहेर बघायचंय आणि ते त्याला दिसत नाहीये, हे तुम्ही ओळखलंत. माणसाच्या गरजेकडे बघणारे भेटतात हो. त्याच्या हौसेकडे, तेही परक्या देशातल्या परक्या म्हाताऱ्याच्या, कोण बघतं? आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांनी ‘या वयात कसलं जंगल अन् कसली रेल्वे, त्यापेक्षा काशीला न्या,’ असं सुनावलं होतं. आणि ज्यांना त्या हौसेचे पैसे मोजले, त्यांनी काय केलं ते वर आलंच आहे. एवढा मोठा पगारी पसारा एका बाजूला आणि तुमचं ते भिजकं फडकं एका बाजूला. कोणाला दूषणं द्यायला मी पत्र लिहायला बसले नव्हते, तरी एवढं लिहिल्यावाचून राहवलं नाही.

त्या जोडप्याचं सांगायचं राहिलं. सकाळी दादा पडदा सारून बाहेर आले, त्यांच्या काचेतून काही दिसेना, तर आमच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. बाबा सरकले, जागा दिली, वर त्यांना केमुबूचा पूरही समजावून सांगितला. मी असते तर सांगितला नसता.

बाबा आता मिरजेत आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. तुम्हाला काय कळवू म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘त्यांना सांग, खडी चांगली भरलेली आहे, गाडी कुठे हिसकत नाही. पण दाबोंगच्या अलीकडे वळणावर झाडोरा फार पुढे आलाय, पावसाच्या आधी छाटायला हवा.’ मी म्हटलं, बाबा, त्या रेल्वेत नाहीत, त्यांचा काय संबंध? तर माझ्यावरच चिडले. त्यांच्या मते ती लाइन तुमच्या घरचीच आहे. तेव्हा निरोप जसाच्या तसा पोचवते आहे, पुढचं तुम्ही बघा.

तुमची,
मिरजेच्या पाकचिकांची मुलगी