नाशिकच्या भांडी बाजारातल्या ओतारी काकांना

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये, पण नातू वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. श्रावणात दोन घंटा पिशवीत घालून आलेली ती मी, सोबत आई आणि सारखा मधेमधे बोलणारा मामा. मामावरून नक्की आठवेल.

आजी गेल्यावर घराची वाटणी झाली, भांडीकुंडी झाली, आणि अडलं ते या दोन घंटांवर. एक मोठी, ओसरीवर टांगलेली, आणि दुसरी देवघरातली हातात धरायची, वर गरुड हात जोडून बसलेला. मामा लहानपणापासून सांगतो की मोठी घंटा वसईची, चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला तेव्हाच्या लुटीतली. त्यात भावाने नेटवर तसलीच एक 'व्हिंटेज' घंटा ४५ हजारांना लावलेली दाखवली, झालं, सगळ्यांना मोठीच हवी. एका दुकानदाराला फोटो पाठवले तर तो म्हणे दोन्ही मोडीच्या भावाने घेतो, किलोवर, आजच आणा. म्हणजे ४५ हजार ते मोड, यात खरं काय ते सांगणारं कोणीच नव्हतं.

तुम्ही मोठी हातात घेतली, बोटावर तोलून टिचकी मारली आणि कान लावून बसलात. आवाज झाला आणि लगेच बसला. मग कडेला पडलेल्या पोच्यावरून बोट फिरवून म्हणालात, "कासं पडलं तर तडकतं, पितळ पडलं तर चेमटतं. ही चेमटलीये." बस, एवढ्यात मामाची वसई गेली! मग समजावलंत की वसईच्या लुटीतल्या घंटा म्हणजे पोर्तुगीजांच्या चर्चच्या, त्या कशाच्या ओतायचे, शंभर भागात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, म्हणून तो आवाज लांबतो, आणि आमच्या पितळेत कथिलाच्या जागी जस्त. मामा तरी ऐकेना तेव्हा तुम्ही भांडला नाहीत, नुसतं म्हणालात वसईची खरी घंटा बघायची तर नारोशंकराच्या देवळापाशी जाऊन या, इथून चालत जाल. गेलो. आयुष्यभर कोणी मोठ्याने बोललं की 'नारोशंकराची घंटा' म्हणत आलो, पण ती घंटा नीट वर मान करून त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. साल १७२१, साच्यातच ओतलेलं. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर तसलीच घंटा आहे, तिच्यावर १७०७ आहे हेही तुम्हीच सांगितलंत. आणि आमचीला आत बोट घातलं तर लेथ यंत्रावर कातल्याची बारीक वर्तुळं लागतात.

आणि हो, ती मोठी मी चिंच-मीठ लावून लख्ख घासून आणली होती, चांगली दिसावी म्हणून. तुम्ही एकदा घंटेकडे बघितलंत एकदा माझ्याकडे आणि म्हणालात, "बरं झालं लहानीला तुला वेळ मिळाला नाही."

लहानीवर तुम्ही अर्धा तास घालवलात. गरुडाच्या पंखांच्या खाचेत काळं साचलेलं, पण नाक आणि गुडघे गुळगुळीत. मुद्दाम अ‍ॅसिड लावून जुनी केलेली असती तर जिथे हात लागतो तिथेही काळीच राहिली असती म्हणालात. मग आईच्या उजव्या हातात दिलीत, दांड्यावर एक झिजलेला खळगा होता त्यात तिचा अंगठा बसेना. डाव्या हातात दिलीत तर बरोब्बर बसला. अर्थात, आरती उजव्या हातात असते मग घंटा डाव्यातच! आईने काही बोललं नाही, तिने घंटा खालीच ठेवली नाही मग. तिची आजी, मग माझी आजी, सगळ्यांचे अंगठे त्या एका जागी. लोलक मात्र नंतर बदललेला, कारण आतली जुनी झीज एकीकडे आणि आताचा लोलक आपटतो दुसरीकडे, हे मला शंभर वेळा बघून दिसलं नसतं.

साल विचारलं तर म्हणालात लिहिलेलं नाही तर मी कुठून सांगू, शंभरीच्या आसपास धरा. भाव विचारला तर लोलक बदललाय म्हणून थोडा कमी, तरी हौशी माणूस आठ-दहा हजार देईल, मोठीचे वजनापेक्षा थोडेच जास्त. आणि ते ४५ हजार? "ती मागितलेली किंमत. विकली कितीला ते बघ." हे वाक्य मी आता फ्लॅट बघतानाही वापरते. न्यू जर्सीचा भाऊ लहानी बॅगेत घालून नेणार होता, त्यालाही तुम्ही आम्हाला फोन करायला लावलात की १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांच्या वर असेल तर देशाबाहेर नेता येत नाही, आधी पुरातत्त्व खात्याकडून तपासून घे. तो चिडला, मग गप्प झाला.

एवढं सगळं करून पैसे घेतले नाहीत. चहासुद्धा तुम्हीच पाजलात, मामाला दोन कप.

मोठी मामाकडे आहे. पाहुण्यांना अजून वसईचीच म्हणून दाखवतो, आणि आम्ही तोंड फिरवून बसतो. लहानी आईकडे, रोज वाजते. तिच्या लोलकाची कडी सैल झालीये, दिवाळी झाली की घेऊन येते. तुम्ही म्हणाल तर जुन्या झिजेला बसेल असा लोलक ओतून मिळेल का, त्याचे पैसे मात्र घ्यावे लागतील.