अपडेट अडकले म्हणून ‘फॉरमॅट’ कशासाठी?

मा. संपादक,
स. न.

संगणक बंद करायला जावे आणि स्क्रीनवर ‘अपडेट्स सुरू आहेत, संगणक बंद करू नका’ अशी सूचना येऊन टक्केवारीचा आकडा तासन्‌तास एकाच जागी थबकावा, हा अनुभव घरी विंडोज वापरणाऱ्या बहुतेकांनी घेतला असेल. अडचण तशी किरकोळ असते. तिच्यावर आपल्याकडे सर्रास होणारा उपाय मात्र किरकोळ नाही. आधी भिंतीवरचा स्विच बंद करायचा, तरीही जमले नाही तर यंत्र दुकानात न्यायचे आणि दुकानदाराने ते ‘फॉरमॅट मारून’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून, परत द्यायचे, अशी रीतच पडून गेली आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारांचा संगणक अलीकडे असाच परत आला. चालतो झकास, पण देखभाल खर्चाचे हिशेब आणि सभासदांच्या पावत्या त्यातून नाहीशा झाल्या आहेत. विचारायला गेल्यावर ‘सी ड्राइव्हवर ठेवलं होतंत, मग ते जाणारच’ एवढेच उत्तर मिळाले. डेस्कटॉपवर आणि ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेले सगळे सहसा सी ड्राइव्हवरच असते, हे सामान्य ग्राहकाला कोणी कधी सांगितलेले असते?

हे अपडेट नेमके बंद करतानाच का बसते, हे कळले तर निम्मी घाई आपोआप कमी होईल. संगणक चालू असताना विंडोजच्या पुष्कळ फायली वापरात असतात आणि त्या तशा बदलता येत नाहीत. म्हणून नव्या फायली आधी उतरवून ठेवल्या जातात आणि प्रत्यक्ष अदलाबदल संगणक बंद होताना व पुढच्या वेळी सुरू होताना उरकली जाते. मासिक सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र, त्यामुळे आपल्याकडे ही सूचना साधारणपणे बुधवारपासून दिसू लागते. जुन्या हार्ड डिस्कवर हजारो लहान फायली लिहायला एसएसडीच्या (फिरती तबकडी नसलेल्या नव्या, वेगवान डिस्कच्या) मानाने कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि टक्केवारीचा आकडा काही घड्याळाबरोबर सरकत नाही. मध्येच वीज तोडली, तर पुढच्या वेळी संगणक आधीचे अर्धवट बदल मागे घेत बसतो आणि त्यात आणखी वेळ जातो.

तेव्हा पहिला उपाय थांबण्याचाच. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवावा आणि कॅबिनेटवर हार्ड डिस्कचा छोटा दिवा असेल तर त्याकडे पाहावे. तो अधूनमधून लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. एसएसडी असेल तर दोन-तीन तास आणि जुन्या हार्ड डिस्कला प्रसंगी अख्खी रात्र द्यायला हरकत नाही. (भारनियमनाच्या गावात हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड, हे मान्य, पण वीज जाण्याची वेळ जवळ आलेली असताना ‘अपडेट करून बंद करा’ हा पर्याय निवडू नये, एवढे पथ्य तिथेही पाळता येईल.) इतके होऊनही दिवा निपचित आणि आकडा जागचा हललेला नसेल, तर पेन ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून धरावे. पुन्हा सुरू केल्यावर अपडेट पूर्ण होते किंवा रद्द तरी होते आणि संगणक बहुधा पूर्ववत चालू लागतो. याला अपवाद एकच: स्क्रीनवर बायोस किंवा फर्मवेअर (यंत्राच्या भागांमध्येच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) बदलत असल्याची सूचना असेल, तर बटणाला अजिबात हात लावू नये, ते काम अर्धवट राहिले तर मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्डच, निकामी होऊ शकतो.

त्यानंतरही संगणक सुरू होत नसेल, तर विंडोज सुरू होता होता बटण दाबून बंद करणे असे लागोपाठ दोन-तीन वेळा केल्यावर दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या वाटेने गेल्यास ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय मिळतो. त्यातून शेवटचे अपडेट काढून टाकता येते आणि आपल्या फायलींना धक्का लागत नाही. अलीकडच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असू शकते आणि मग ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते व मोबाइलवरूनही पाहता येते. यंत्र सुरू झाले की सी ड्राइव्हवर जागा मोकळी करावी आणि ‘डिस्म’ व ‘एसएफसी’ या विंडोजमध्येच असलेल्या आज्ञांनी बिघडलेल्या फायली दुरुस्त करून घ्याव्यात. ज्यांना हे घरी जमणार नाही त्यांनी दुरुस्तीवाल्याकडे जरूर जावे, पण हेच काम सांगावे.

काही ठिकाणी अपडेट कायमचे बंद करून दिले जाते, तो प्रकार तर फॉरमॅटपेक्षाही घातक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले, तेव्हा त्यावरचे ठिगळ, म्हणजे दोष बुजवणारे अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते लावले नव्हते ते सापडले. अपडेट लांबवायचेच असेल तर सेटिंग्जमध्ये ते ३५ दिवसांपर्यंत थांबवण्याची रीतसर सोय आहे.

माझी मागणी एवढीच की फॉरमॅट करण्यापूर्वी ग्राहकाची लेखी संमती घेतली जावी, त्याच्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घेता येतात हे त्याला सांगितले जावे आणि बिलावर ‘विंडोज रिपेअर’ या दोन शब्दांऐवजी प्रत्यक्षात काय केले ते लिहिले जावे. संगणक विक्रेत्यांच्या संघटनांनी अशा संमतिपत्राचा अर्ध्या पानाचा मराठी नमुना तयार करून आपल्या सभासदांना द्यावा.

आपला,
एक वाचक, सांगली