नळी किती दिवस ठेवायची?

माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

पत्र इंदुरातून, मराठीत लिहितोय. होळकरांच्या गावात त्याचं नवल वाटू नये. हिंदी प्रत जोडली आहे.

माझा धाकटा भाऊ लोडिंग रिक्षा चालवतो. गेल्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, फुप्फुसाभोवती पू साठला. शहरातल्या एका दवाखान्यात बरगड्यांमधून नळी घातली, खाली पाण्याची बाटली. आठवडाभर पू आला, मग थांबला. ताप काही उतरेना. 'बघू अजून दोन दिवस' असं करत पाच आठवडे गेले. बाटली हातात धरून तो वॉर्डात फिरायचा, आणि त्याची बायको रोज सकाळी बाटलीवरची रेघ बघून मला फोन करायची.

शेवटी दुसरीकडे नेलं, तेव्हा तिथल्या सर्जनसाहेबांनी कागदावर चित्र काढून समजावलं. सुरुवातीला पू पातळ असतो, नळीने निघतो. पुढे त्यात जाळ्या धरतात, कप्पे पडतात आणि नळी एकाच कप्प्यात अडकते. दुर्बिणीची खरी वेळ हीच. दोन-तीन छोटी छिद्रं, आत कॅमेरा, जाळ्या तोडून छाती धुऊन काढायची. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. ही वेळ गेली की फुप्फुसावर जाड साल चढते, ते फुगत नाही, आणि साल सोलायला बऱ्याचदा छाती उघडावी लागते. भावाची उघडली. काखेखालून पाठीपर्यंत टाके. हँडल वळवताना अजून कळ येते.

आयुष्मान कार्ड होतं, त्यामुळे पैशांनी अडलं नाही, हेही नोंदवतो.

आणि हे तंत्र काही कालचं नव्हे. १९१० मध्ये याकोबेयस या स्वीडिश डॉक्टरांनी मूत्राशय बघायच्या दुर्बिणीने छातीत डोकावून पाहिलं. पुढे टीबीच्या रुग्णांचे चिकटलेले पडदे त्याच वाटेने सोडवले. टीबीमुळेही छातीत असा पू होतो, आणि टीबी आपल्याकडे किती आहे हे आपल्याला मी काय सांगावं!

माझी मागणी यंत्राची नाही. यंत्राची फीत कापायला सगळेच येतात. मागतोय ती माणसं: छातीचा सर्जन, आणि एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर श्वास चालवू शकणारा भूलतज्ज्ञ. त्यांचा ठरलेला वार सरकारी दवाखान्याच्या फलकावर लिहिलेला असावा.

त्याहून सोपी गोष्ट एका परिपत्रकाची. नळी घालून सात दिवस झाले आणि ताप किंवा पू राहिला, तर सीटी स्कॅन व सर्जनचं मत सक्तीचं करा. सरकारी असो की खासगी.

भावाच्या केसपेपरच्या प्रती सोबत आहेत. दवाखान्याचं नाव झाकलंय. मला कुणाला अडकवायचं नाही. फक्त सातव्या दिवसाची नोंद वाचा. 'सीएसटी' एवढंच लिहिलंय, म्हणजे तेच उपचार चालू. आठव्या दिवशीही तेच, पंधराव्याही.

आपला,
एक इंदूरकर