मुलींना उत्तर पूर्ण करू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलींचा आत्मविश्वास वाढवणाऱ्या एकदिवसीय शिबिरांविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. हेतू चांगलाच आहे. परंतु माध्यमिक वर्गांना २२ वर्षे गणित शिकवल्यानंतर मला अशा शिबिरांचा फारसा भरवसा वाटत नाही, आणि तो का वाटत नाही हे सांगण्यासाठी हे पत्र.

नववीच्या चाचणीचे पेपर तपासताना काही पाने हमखास अशी सापडतात, की जिथे कागद खोडरबराने घासून घासून विरलेला असतो. पान उजेडासमोर धरले की खोडलेला आकडा दिसतो, आणि कितीदा तरी तोच बरोबर असतो. मुलांच्या पेपरांतही अशी पाने असतात, नाही असे नाही. पण मला ती मुलींच्या पेपरांत जास्त दिसली आहेत. याच मुली तोंडी उत्तर देताना ‘चुकत असेल बहुतेक, पण...’ अशी सुरुवात करतात. त्यांना गणित येत नाही असे म्हणावे, तर ते खोडलेले उत्तर साक्षीला हजर असते.

कोणी म्हणेल, मुलींना गुण तर चांगले पडतात. पडतात, आणि खरी मेख तिथेच आहे. लिन बियान आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘खूप खूप हुशार’ व्यक्ती कोणती, असे विचारल्यावर पाच वर्षांची मुले जितक्या सहजपणे पुरुषाकडे बोट दाखवत होती, तितक्याच सहजपणे त्या वयाच्या मुली स्त्रीकडे बोट दाखवत होत्या; सहा-सात वर्षांच्या मुली मात्र तसे कमी वेळा करत होत्या, आणि अतिशय हुशार असणाऱ्यांसाठीचा म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांना रसही कमी होता. शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात, असे विचारले तर याच मुली मुलींचे नाव घेत होत्या. गुण मेहनतीच्या खात्यावर जमा होतात आणि हुशारी दुसऱ्याच कोणाच्या, असा मी याचा अर्थ लावते.

‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याचे चार उगम आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले: स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्या कोणाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीराला जाणवणारी धडधड किंवा शांतपणा. यांत सर्वांत भक्कम उगम पहिला. शिबिरात टाळ्या आणि ‘तू करू शकतेस’ या रूपाने मिळतो तो तिसरा. तो मिळूच नये असे मी म्हणत नाही, पण पहिल्याची जोड नसेल तर एखादा पेपर अवघड जाताच तो ओसरतो.

मी इतरांना उपदेश करते आहे असे वाटू नये म्हणून घरचेच सांगते. मुलगी १४ वर्षांची असताना तिच्या पोटदुखीसाठी आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. ‘कधीपासून दुखतंय?’ असे त्यांनी तिला विचारले आणि उत्तर मी दिले. पुढच्या सगळ्या प्रश्नांचीही उत्तरे मीच दिली. ती खुर्चीच्या कडेला बसून माझ्याकडे पाहत राहिली. स्वतःच्या पोटात कुठे दुखते हेही तिला सांगू न देणारी मी, घरी मात्र ‘जरा धीट हो’ म्हणून तिच्या मागे लागलेली असे.

वर्गातही आम्ही शिक्षक हेच करतो. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी वर्गातल्या तासांची निरीक्षणे केली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात आणि उत्तरच न येण्याचे प्रमाण घटते. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण गप्प वर्गापुढे उभे राहून ते एकदा मोजून पाहावेत.

वजन, उंची, मुरुमे यांवरच्या शेरेबाजीबद्दल बरेच लिहिले जाते, म्हणून एवढेच म्हणते, की ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ या कौतुकातूनही सगळ्यांची नजर कुठे आहे तेच तिला कळते. जी मुलगी सतत खिन्न राहते, जेवण टाळते किंवा स्वतःला इजा करते, तिला समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची गरज असते. तिथे माझे हे उपाय पुरायचे नाहीत.

यंदा माझ्या तासाला पेन्सिल आणि खोडरबर बंद आहेत. पेनाने लिहायचे, आणि बदलावेसे वाटले तर आधीच्या उत्तरावर एकच रेघ ओढायची, म्हणजे ते वाचता येते. सुरुवातीला मुली कुरकुरल्या, वह्या घाण दिसतात म्हणाल्या. पहिल्या चाचणीनंतर एक मुलगी पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आली, रेघ मारलेल्या तीन उत्तरांवर एकेक करून बोट ठेवले आणि म्हणाली, ‘बाई, ही तिन्ही मला आधी आली होती.’ तिने ‘बहुतेक’ म्हटले नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका